इतिहास लिहिणारा कोठे उभा आहे?

घडून गेलेल्या घटनांची नोंद म्हणजे इतिहास, अशी व्याख्या आपण शाळेत शिकतो. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. घटना असंख्य घडतात आणि नोंद होते ती त्यांतील मोजक्यांची. कोणती घटना टिपायची, कोणती वगळायची, कोणाला नायक म्हणायचे आणि कोणाला नुसत्या गर्दीत ढकलायचे, हे सगळे निर्णय कोणीतरी माणूस घेत असतो. त्या माणसाला जन्म असतो, जात असते, भाषा असते, चरितार्थाचे साधन असते, बालपणी झालेला सन्मान वा अपमान असतो. लेखणी हातात घेताना हे सारे उंबरठ्याबाहेर ठेवून कोणीही लिहावयास बसू शकत नाही.

मग इतिहास म्हणजे ज्याच्या त्याच्या मनाचा खेळ समजावयाचा काय? आम्हांस तसे वाटत नाही. इतिहासकाराचा अनुभव हा मूलतः दोष नव्हे. अनुभव त्याला प्रश्न पुरवतो, आणि चांगला प्रश्न पडल्याशिवाय चांगला इतिहास लिहिला जात नाही. मात्र प्रश्नाचे उत्तर पुराव्याकडून आले पाहिजे. प्रश्न विचारून झाल्यावर अनुभव थांबत नाही आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो, तेथे पूर्वग्रह सुरू होतो. हा विचार आम्ही या स्मरणिकेत मांडत आहोत, याला कारण आहे. स्मरणिका हीसुद्धा इतिहासाचीच एक वही असते, आणि पिढ्यान् पिढ्या ज्यांच्याविषयी इतरांनीच लिहिले, अशा समाजाची मुले आता स्वतः लिहू लागली आहेत. त्यांनी कसे लिहावे, हा आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

न पाहिलेला देश आणि जिंकलेला देश

जेम्स मिल या लेखकाने १८१७ मध्ये हिंदुस्थानचा मोठा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. मिल हिंदुस्थानात कधीही आला नव्हता आणि येथील एकही भाषा त्याला येत नव्हती. ही उणीव लपवण्याऐवजी त्याने प्रस्तावनेत तिचे समर्थन केले. प्रत्यक्ष देशात राहिलेल्या माणसाला थोडेच दिसते आणि तेवढ्यावरून त्याचे मत बनते. उलट सर्व कागद समोर ठेवून दूर बसलेला माणूस अधिक निःपक्षपाती न्याय करू शकतो, असा त्याचा युक्तिवाद होता.

वरवर पाहता हा युक्तिवाद पटण्याजोगा आहे. परंतु मिलच्या समोरचे कागद कोणी लिहिले होते? ते बहुतांशी कंपनीचे अधिकारी, प्रवासी आणि धर्मप्रसारक यांचे होते. शिवाय त्याच्या मनात उपयुक्ततावादाची मोजपट्टी आधीच तयार होती आणि तिने तो एका संपूर्ण संस्कृतीची उंची मोजत होता. हिंदुस्थानच्या इतिहासाचे हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तीन कालखंड पाडण्याची रीत त्याच्या ग्रंथाने रूढ केली. हिंदुस्थानात पाठवायच्या तरुण अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी तोच ग्रंथ वापरला गेला. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८१९ मध्ये, मिलला ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरी मिळाली. अनुभव नसणे म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे, हा या उदाहरणाचा पहिला धडा. रिकाम्या जागेत दुसऱ्यांचे अनुभव आणि आपली आवडती तत्त्वे येऊन बसतात, आणि त्यांची आपल्याला जाणीवही नसते.

जेम्स ग्रँट डफचे उदाहरण अगदी उलट आहे. हा स्कॉटिश अधिकारी तरुणपणी सैन्यात भरती होऊन येथे आला, पेशव्यांविरुद्धच्या लढायांत सामील झाला आणि १८१८ मध्ये सातारा येथे ब्रिटिश प्रतिनिधी म्हणून नेमला गेला. छत्रपतींच्या दरबारातील कागद त्याला पाहावयास मिळाले. पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आलेच होते. बखरी, सनदा, पत्रे यांच्या नकला त्याने चिकाटीने करवून घेतल्या आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. त्याच्या परिश्रमांविषयी शंका घेण्यास जागा नाही. पुढील अनेक दशके जो कोणी मराठ्यांविषयी लिहू लागला, त्याला डफला ओलांडून जाता आले नाही.

तरीही या ग्रंथात मराठ्यांच्या उदयाला डफने जी उपमा दिली, ती त्याच्या उभे राहण्याच्या जागेविषयी पुष्कळ सांगून जाते. सह्याद्रीच्या रानात वाळलेल्या गवताला वणवा लागावा आणि तो पसरत जावा, तसा हा उदय त्याला दिसला. वणव्याला हेतू नसतो, योजना नसते, ध्येय नसते. रयतेच्या मनात काय चालले होते, कोणत्या विचारांनी आणि कोणत्या गाऱ्हाण्यांनी माणसे एकत्र आली, याचा शोध वणव्याच्या उपमेत बसत नाही. ज्या सत्तेशी आपण लढलो आणि जिचा मुलूख आता आपल्याला लावावयाचा आहे, ती सत्ता केवळ एक भडका होती असे वाटणे, हे विजयी सैन्याच्या अधिकाऱ्याला सोयीचेही होते. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने डफच्या ग्रंथावर मराठीत टीका लिहिली. राजकर्त्यांच्या इतिहासाला एतद्देशीय माणसाने उलट प्रश्न विचारण्याची ती महत्त्वाची सुरुवात होती.

एकाच समाजातील दोन दृष्टी

अनुभव म्हणजे केवळ जात किंवा जन्म, असे समजण्याचा मोह आपल्याकडे फार होतो. लेखकाचे आडनाव वाचले की ग्रंथ वाचण्याची गरज उरली नाही, असे मानणारे वाचक सर्व समाजांत आहेत. त्यांच्यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची तुलना उद्बोधक ठरेल.

दोघेही चित्पावन ब्राह्मण, दोघेही प्रखर बुद्धीचे, दोघांनाही मराठ्यांच्या इतिहासाविषयी अभिमान. रानडे यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. परंतु वारकरी संतांचा विचार करताना दोघांचे मार्ग पूर्णपणे वेगळे होतात. रानडे यांना संतांच्या चळवळीत युरोपातील धर्मसुधारणेसारखे सामर्थ्य दिसले. सर्व जातींतून आलेल्या संतांनी समाज जागा केला आणि त्या जागृतीवर स्वराज्य उभे राहिले, अशी त्यांची मांडणी होती. राजवाडे यांनी मात्र संतांना उपहासाने ‘संताळे’ म्हटले. त्यांच्या शिकवणुकीने समाज निष्क्रिय झाला असा त्यांचा आक्षेप होता, आणि प्रेरणेचे श्रेय ते समर्थ रामदासांच्या महाराष्ट्रधर्माकडे वळवीत.

हा फरक जातीने उलगडत नाही. रानडे प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ होते. एकेश्वरी भक्ती आणि सामाजिक सुधारणा हे त्यांच्या आयुष्याचे कार्य होते आणि संतांमध्ये त्यांना आपलेच पूर्वसूरी दिसले. राजवाडे यांच्या मनाला परकीय सत्तेखाली गेलेल्या राज्याचे शल्य होते. त्यांना शस्त्र आणि संघटना हवी होती, म्हणून टाळमृदंगात त्यांना दुर्बलता ऐकू आली. दोघांनीही आपल्या वर्तमानकाळातील चिंता तीनशे वर्षे मागे नेऊन ठेवली होती.

राजवाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तरुणपणीच पत्नी निवर्तल्यानंतर त्यांनी पुन्हा संसार थाटला नाही. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवर कसरीच्या तोंडी गेलेली दप्तरे त्यांनी वाचवली. ब्राह्मण्याचा अभिमान त्यांच्या लेखनात ठायी ठायी आहे आणि त्यावर टीका झालीच पाहिजे. पण याच राजवाड्यांनी भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहिताना सनातनी मनाला धक्का देणारे निष्कर्ष काढले आणि त्याबद्दल रोष ओढवून घेतला. पुरावा समोर येताच माणूस कधी कधी स्वतःच्या पूर्वग्रहाहून मोठा होतो, याचेच हे उदाहरण आहे. एकाच लेखकात दोन्ही गोष्टी असू शकतात, म्हणून वाचकाने संपूर्ण लेखक टाकूही नये आणि संपूर्ण लेखक डोक्यावरही घेऊ नये.

गावाबाहेरून विचारलेला प्रश्न

आता आपल्या परंपरेकडे वळू. महात्मा जोतीराव फुले यांना १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत अपमान सोसावा लागला, ही घटना त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. जोतीरावांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. ‘गुलामगिरी’त त्यांनी दशावतारांच्या कथा उलट्या करून वाचल्या. मत्स्य, कच्छ, वराह, वामन हे देवाचे अवतार नसून बाहेरून आलेल्या आर्यांच्या टोळ्यांचे म्होरके होते, आणि ज्याला पाताळात घातले तो बळीराजा हा येथील रयतेचा न्यायी राजा होता, अशी त्यांची मांडणी होती.

या वाचनाची ताकद त्याच्या प्रश्नात आहे. पुराणे कोणी लिहिली, कोणाच्या हितासाठी लिहिली आणि हरलेल्याची बाजू कोठे आहे, हे जोतीरावांच्या आधी महाराष्ट्रात इतक्या रोखठोकपणे कोणी विचारले नव्हते. शेतकऱ्याच्या घरी आजही ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हटले जाते. त्या म्हणण्यात दडलेली स्मृती त्यांनी पुरावा म्हणून पाहिली. उत्तरासाठी मात्र त्यांनी त्या काळी युरोपीय पंडितांत मान्य असलेल्या आर्य वंशाच्या सिद्धान्ताचा आधार घेतला. गंमत अशी की तोच सिद्धान्त पुढे लोकमान्य टिळकांनीही स्वीकारला आणि १९०३ मध्ये आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे प्रतिपादन केले. एकाच सिद्धान्तातून एकाला पूर्वजांचा गौरव दिसला आणि दुसऱ्याला पूर्वजांवरील आक्रमण दिसले. सिद्धान्त खरा आहे काय, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला.

तो प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाती घेतला. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा त्यांचा ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी महात्मा फुले यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. आणि ज्या ग्रंथाची अर्पणपत्रिका जोतीरावांना वाहिलेली आहे, त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धान्त वेदांतील दाखले तपासून नाकारला. गुरुस्थानी मानलेल्या पुरुषाच्या मांडणीचा पायाच त्यांनी काढून घेतला आणि तरीही त्याच्याविषयीचा आदर तसूभर कमी होऊ दिला नाही. हा प्रसंग आपल्या शाळांतून जितका शिकवला जावयास हवा तितका शिकवला जात नाही, असे आम्हांस वाटते. त्यानंतरच्या काळात भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि जनुकशास्त्र यांनी या प्रश्नाला आणखी वळणे दिली आहेत. बाबासाहेबांचे निष्कर्षही त्या नव्या पुराव्यांशी ताडून पाहणे, हे त्यांच्याच पद्धतीला धरून होईल.

बाबासाहेबांच्या बालपणीचे अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. १९०१ मध्ये वडिलांना भेटावयास निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली आणि जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. वाटेत रात्रभर पिण्याचे पाणी मिळाले नाही. पुढे परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास आल्यावरही त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. अस्पृश्यतेच्या उगमाविषयी १९४८ मध्ये ग्रंथ लिहिताना असा अनुभव असलेला माणूस केवळ आपली कहाणी सांगून वाचकाला हेलावून टाकू शकला असता. परंतु त्या ग्रंथात त्यांनी जनगणनेचे अहवाल, धर्मशास्त्रांची वचने आणि फाहियान व ह्युएन त्संग या चिनी यात्रेकरूंची वर्णने मांडली.

अनुभव त्या ग्रंथात आहे, पण तो प्रश्नांच्या रूपाने आहे. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? गावात राहणाऱ्या पंडिताला हा प्रश्न पडत नाही, कारण गावकुसाबाहेरची वस्ती ही त्याच्या दृष्टीने डोंगर किंवा ओढा असावा तशी नैसर्गिक गोष्ट असते. त्या वस्तीतून वर्षानुवर्षे गावाकडे पाहिलेल्या माणसालाच ती विचित्र वाटते आणि तिचे कारण शोधावेसे वाटते. ब्राह्मण विद्वानांत व्होल्टेअर का निर्माण झाला नाही, असा मार्मिक प्रश्नही त्यांनी त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत उपस्थित केला आहे. ज्या व्यवस्थेवर आपली प्रतिष्ठा उभी आहे, तिची चिकित्सा करणे विद्वत्तेच्या बळावर साधत नाही, हा त्याचा आशय. जेथे पुराव्याची साखळी तुटते तेथे आपण तर्काने दुवा जोडत आहोत, हेही त्यांनी लपवले नाही. त्यांची उपपत्ती पुढील संशोधकांनी काही अंशी स्वीकारली, काही अंशी तिच्यावर वाद घातला. वाद घालता येणे, हेच ती इतिहास म्हणून लिहिली गेल्याचे लक्षण आहे.

आपल्याच ग्रंथांतील अशोक

दुसऱ्यांच्या पूर्वग्रहावर बोट ठेवणे सोपे असते. म्हणून एक उदाहरण बौद्ध परंपरेतून घेणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी सम्राट अशोकाइतके योग्य नाव दुसरे नाही.

अशोकाविषयी दोन प्रकारची साधने आहेत. एक, त्याने स्वतः कोरविलेले लेख. दुसरी, त्याच्यानंतर काही शतकांनी भिक्षूंनी रचलेले ग्रंथ. सिंहलद्वीपातील ‘महावंस’ सांगतो की अशोकाने राज्यासाठी आपल्या नव्व्याण्णव भावांना ठार केले. ‘अशोकावदान’ त्याचे चंडाशोक म्हणून भयंकर चित्र रंगवते; त्याने माणसांचा छळ करण्यासाठी नरकासारखा तुरुंग बांधला, असे सांगते. धम्माच्या स्पर्शाने तोच चंडाशोक धम्माशोक झाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो.

आता त्याचे लेख पाहावेत. पाचव्या शिलालेखात तो आपल्या भावाबहिणींच्या अंतःपुरांत धम्ममहामात्र काम करीत असल्याचा उल्लेख करतो, आणि हे अधिकारी नेमले गेले ते राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर. भाऊ मारल्याच्या कथेशी हा उल्लेख सहज जुळत नाही. कलिंगाच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख देशोधडीला लागली, हे अशोक स्वतः तेराव्या शिलालेखात सांगतो व त्याबद्दल दुःख व्यक्त करतो. ‘महावंसा’त या युद्धाचा उल्लेखच नाही. उपासक झाल्यावर पहिले वर्षभर आपण फारसा उत्साह दाखवला नाही, असेही तो लघुशिलालेखात मोकळेपणाने सांगतो. म्हणजे त्याचे परिवर्तन कथेतल्यासारखे एका क्षणात घडलेले नाही.

सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण पुढचे आहे. बुद्धप्रतिमेची विटंबना झाल्यावरून अशोकाने पुण्ड्रवर्धनातील अठरा हजार आजीविकांना मारविले, असे ‘अशोकावदान’ सांगते, आणि ते जणू त्याच्या श्रद्धेचे गमक म्हणून सांगते. प्रत्यक्षात बिहारमधील बराबरच्या टेकड्यांत आजीविकांना गुहा दान केल्याचे अशोकाचे लेख आजही वाचता येतात. जो केवळ आपल्याच संप्रदायाची स्तुती करतो आणि दुसऱ्याची निंदा करतो तो आपल्याच संप्रदायाची हानी करतो, असा अर्थ सांगणारा बारावा शिलालेखही त्याचाच आहे.

भिक्षूंनी असे का लिहिले असेल? ते खोटारडे होते म्हणून नव्हे. ते संघात राहत होते, दानावर जगत होते, अन्य पंथांशी त्यांची स्पर्धा होती. राजा जितका आधी क्रूर, तितकी धम्माची थोरवी मोठी, हे त्यांच्या अनुभवविश्वाला साजेसे होते. ‘महावंस’ अनुराधपूरच्या महाविहारातील भिक्षूने रचला, आणि प्रतिस्पर्धी अभयगिरी विहाराविषयी त्याची भूमिका काय आहे हे वाचकाला सहज जाणवते. परंतु याच ग्रंथपरंपरेचे ऋणही मोठे आहे. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी वाचली तेव्हा लेखांतील ‘पियदसि’ राजा कोण, हे कळत नव्हते. पुराणांच्या वंशावळींत अशोक हे केवळ एक नाव उरले होते. सिंहलमधील पाली ग्रंथांच्या आधारे जॉर्ज टर्नरने पियदसि म्हणजेच अशोक असल्याचे दाखवून दिले, आणि १९१५ मध्ये मस्की येथील लेखात अशोक हे नाव प्रत्यक्ष सापडल्यावर त्यावर शिक्कामोर्तब झाले. पक्षपाती साधनही अमूल्य असू शकते. ते टाकून द्यावयाचे नसते; दुसऱ्या साधनाच्या कडेला ठेवून वाचावयाचे असते. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो तुकडा लहानसा आहे, पण राजाच्या काळी कोरलेला आहे. शेकडो पानांच्या कथेपुढे अशा एका तुकड्याचे वजन कधी कधी अधिक भरते.

आपली वही आपण कशी लिहावी

हे सर्व सांगण्याचे प्रयोजन आता उघड होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जे दहा-बारा वर्षांचे होते, ते आज आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात आहेत. त्यांनी पाहिलेले गाव, सोडलेली कामे, फेकून दिलेले देव, त्यानंतर गावाने टाकलेला बहिष्कार, आणि मुलांना वसतिगृहात ठेवताना आईने बांधून दिलेले गाठोडे यांची नोंद बहुतेक ठिकाणी झालेली नाही. ती माणसे गेली की कोणत्याही दप्तरखान्यात ती सापडणार नाही. निवासी विद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या पिढीवर ही नोंद करण्याची जबाबदारी आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्यांनी शतकानुशतके एकतर्फी इतिहास लिहिला त्यांना कोणी निःपक्षपातीपणा शिकवला नाही. मग आमच्याच मुलांनी तो का पाळावा? आक्षेपामागील संताप आम्हांस समजतो. परंतु पुराव्याची शिस्त प्रतिपक्षाला बरे वाटावे म्हणून पाळावयाची नसते. अतिशयोक्तीवर उभा केलेला इतिहास पहिल्याच जाणत्या प्रश्नाला कोसळतो आणि कोसळताना आपल्याबरोबर खऱ्या दुःखालाही अविश्वसनीय करून जातो. ज्यांच्या बाजूने सत्य आहे त्यांना अतिशयोक्तीची गरज नाही, आणि ती परवडणारीही नाही.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. आजी आपल्या हालअपेष्टा सांगत असताना तिला साल, ठिकाण, साक्षीदार विचारणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे काय? आमच्या मते तो अविश्वास नाही. पाणवठा कोणता, तो कोणत्या वर्षी खुला झाला, त्या दिवशी सोबत कोण होते, हे लिहून ठेवल्याने तिची साक्ष पक्की होते. आज आपण तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो, कारण आपण तिला ओळखतो. पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाला तिची ओळख नसेल. त्याच्यासाठी हे तपशीलच तिच्या बाजूने बोलतील.

म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्यांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. लिहिताना आपण कोण, कोठे वाढलो आणि या विषयाशी आपले नाते काय, हे आरंभीच सांगून टाकावे. वाचकाला आपल्या कलाचा अंदाज घेता येतो. स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि तर्काने ताडलेले, या तिन्हींची सरमिसळ करू नये. मूळ कागद, मग तो शाळा सोडल्याचा दाखला असो, पोस्टकार्ड असो वा सभेचे पत्रक असो, जपून ठेवावा आणि त्यावर आपल्या शाईने दुरुस्त्या करू नयेत. आणि आपल्या म्हणण्याविरुद्ध जाणारा एक तरी साक्षीदार शोधून त्याला बोलू द्यावे.

हीच कसोटी आपल्या संस्थांच्या इतिहासालाही लावली पाहिजे. वर्धापनाच्या ग्रंथांत संस्थापकांचे त्याग, इमारतींचे टप्पे आणि नावारूपाला आलेले विद्यार्थी यांविषयी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु निवासी शाळेचा इतिहास भटारखान्यातही घडतो. पहाटे चार वाजता चूल पेटवणारी स्वयंपाकीण, रात्रीच्या फेऱ्या मारणारा चौकीदार, सातवीत असतानाच लग्न लावून दिल्यामुळे जिचे नाव हजेरीपटावरून कमी झाले ती मुलगी, आणि अनुदान न आल्याने पगाराविना शिकवत राहिलेला शिक्षक, यांच्याशिवाय तो पुरा होत नाही. जो यशस्वी झाला त्याच्याच आठवणी छापल्या तर शाळा आपोआप यशाची कहाणी बनते. मध्येच गळालेल्यांनाही विचारावे. त्यांचे उत्तर कदाचित कटू असेल, पण पुढची मुले गळू नयेत म्हणून त्याचाच अधिक उपयोग होईल. असे झाले तर आपला इतिहास विजयी सेनापतीच्या बखरीपेक्षा वेगळा ठरेल.

तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना जो उपदेश केला, त्याचा आशय सर्वांना परिचित आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आदरणीय व्यक्तीने सांगितले म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये. स्वतः तपासावी आणि मग मानावी. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून चांगली शिस्त शोधूनही सापडणार नाही. मात्र ही शिस्त आपण बहुधा दुसऱ्यांच्या ग्रंथांना लावतो. ती आपल्या ग्रंथांना, आपल्या नेत्यांच्या चरित्रांना आणि आपल्या आठवणींनाही लावण्याची तयारी हवी. बाबासाहेबांनी ती दाखवली होती. आपली मुले जे प्रश्न विचारतील ते प्रश्न त्यांच्या वाडवडिलांच्या जगण्यातूनच येतील, आणि ते इतर कोणालाही सुचणार नाहीत. उत्तरे शोधताना त्यांनी कोणाचीही, आपलीसुद्धा, भीड बाळगू नये, एवढे स्वातंत्र्य आपण त्यांना दिले पाहिजे.